सीएनसी राउटरची देखभाल: भुसा, ग्रीस, कोलेट आणि मोजमाप

लाकूड, प्लाय, एमडीएफ किंवा ॲक्रिलिक कापणारं सीएनसी राउटर मशीन क्वचितच एका दिवसात बिघडतं. आधी कापलेली कड खरखरीत यायला लागते, मग बिट (कापणारी पाती) लवकर बोथट होतात, मग गोल भोक किंचित लंबगोल होतं. ज्या दिवशी स्पिंडल, म्हणजे बिट फिरवणारी मोटर, जाम होतो त्या दिवशी मात्र सगळे म्हणतात, मशीन अचानक बंद पडलं. कुरबुर कितीतरी आधीपासून चालू असते. ती ओळखायची तर ठणठणीत मशीनची मापं हाताशी लागतात, आणि नेमकी तीच कुणी घेतलेली नसतात.

म्हणून मशीन नवं असताना, किंवा नुकतंच नीट जुळवलेलं असताना, पाच आकडे वहीत लिहा आणि वही मशीनपाशीच ठेवा: स्पिंडलचा रनआउट (फिरताना मध्यापासून हेलकावणं), प्रत्येक अक्षाचा बॅकलॅश (दिशा बदलताना जाणवणारा ढिलेपणा), मोठ्या आयताच्या दोन कर्णांमधला फरक, स्पिंडल रिकामा फिरताना व्हीएफडीवर (स्पिंडलचा वेग ठरवणाऱ्या विजेच्या उपकरणावर) दिसणारा करंट, आणि अर्धा तास रिकामा फिरवल्यावर स्पिंडलच्या नाकाजवळचं तापमान. करंट आणि तापमान नेहमी एकाच वेगावर घ्या, म्हणजे तुलना करता येते. हे आकडे कसे घ्यायचे ते पुढे जागोजागी येईलच.

देखभालीचं काम सुरू करण्याआधी मुख्य स्विच बंद करून त्याला कुलूप लावा. इमर्जन्सी बटण दाबलं म्हणजे वीज तुटली असं समजू नका. बऱ्याच मशीनवर ते फक्त हालचाल थांबवतं. व्हीएफडीतले कपॅसिटर वीज बंद केल्यावरही भरलेले राहतात, म्हणून पॅनल उघडण्याआधी किमान दहा मिनिटं थांबा आणि व्हीएफडीवरचा चार्ज दाखवणारा दिवा विझलाय याची खात्री करा. झेड, म्हणजे वर-खाली जाणाऱ्या, अक्षाला ब्रेक नसेल तर मोटरची वीज जाताच स्पिंडल स्वतःच्या वजनाने खाली घसरू शकतो. त्याच्याखाली लाकडाचा ठोकळा ठेवल्याशिवाय तिथे हात घालू नका.

भुसा

हवेच्या गनने मशीन साफ करायची सवय मोडा. दाबाच्या हवेने भुसा उडतो तसा आतही घुसतो: गाइड ब्लॉकच्या (रेलवर गोट्यांवरून सरकणाऱ्या ठोकळ्याच्या) वायपरखालून, म्हणजे कडेच्या रबरी पट्टीखालून, गोट्यांमध्ये, स्पिंडलच्या नाकातल्या फटीतून बेअरिंगपर्यंत, विजेच्या पॅनलच्या जाळीतून मोटर चालवणाऱ्या ड्राइव्हवर. एमडीएफची भुकटी तर पिठासारखी बारीक असते. ग्रीसमध्ये मिसळली की तिची घट्ट लापशी होते आणि ग्रीस आपलं काम सोडून देतं. नायलॉनचा ब्रश आणि व्हॅक्यूम क्लीनर एवढंच वापरा. हवा वापरायचीच असेल तर सुट्या, काढून बाहेर ठेवलेल्या भागांवर.

भुसा दिसतो टेबलावर, पण त्रास देतो तो दुसरीकडे. रॅकच्या (दातेरी सरळ पट्टीच्या) दातांच्या खाचा, ड्रॅग चेनच्या (केबल सोबत नेणाऱ्या साखळीच्या) आतला तळ, होम सेन्सरचं (अक्षाची सुरुवातीची जागा ओळखणाऱ्या सेन्सरचं) तोंड, सर्वो किंवा स्टेपर मोटरच्या मागची कनेक्टरची बाजू आणि पॅनलच्या पंख्याची जाळी या जागा रोज संध्याकाळी पाहा. पॅनलची जाळी बुजली की आतलं तापमान चढतं, आणि उन्हाळ्यात दुपारी ड्राइव्ह उगाच ट्रिप व्हायला लागतो.

डस्ट कलेक्टरच्या पाइपमध्ये लाकडाच्या भुशासाठी हवेचा वेग सेकंदाला साधारण २० मीटर लागतो. त्याखाली भुसा पाइपातच बसत जातो. १०० मिमी व्यासाच्या पाइपला हा वेग द्यायचा तर तासाला सुमारे ५६५ घनमीटर हवा ओढली पाहिजे, १५० मिमीला सुमारे १,२७० घनमीटर. लांबलचक लवचीक पाइप आणि तीव्र वळणं ही हवा खाऊन टाकतात, तेव्हा लवचीक पाइप फक्त गॅन्ट्री (स्पिंडल वाहणारा आडवा सांगाडा) हलते तेवढ्याच भागात ठेवा आणि बाकी सरळ, गुळगुळीत पाइप टाका. डस्ट शूचे, म्हणजे बिटभोवतीच्या भुसा ओढणाऱ्या टोपणाचे, केस कापायच्या पृष्ठभागाला टेकायला हवेत. झिजून आखूड झाले की ओढ निम्मी वाया जाते.

प्लास्टिकच्या पाइपातून भुसा वेगाने जाताना स्थिर वीज साठते. तिचा झटका माणसाला बसतोच, शिवाय सेन्सरच्या तारेत शिरून तो खोटा लिमिट सिग्नल (अक्ष टोकाला पोहोचल्याचा इशारा) देतो आणि काम मध्येच थांबतं. तार गुंफलेला पाइप घ्या आणि ती तार दोन्ही टोकांना अर्थिंगला जोडा.

दोन धोके गंभीर आहेत. बोथट बिटने किंवा खिळ्याला लागून उडालेली ठिणगी कलेक्टरच्या पिशवीत तासन् तास धुमसत राहू शकते, म्हणून काम संपल्यावर पिशवी रिकामी करा आणि जळका वास येतोय का ते पाहा. त्याच मशीनवर ॲल्युमिनियम कापत असाल तर त्याची धूळ लाकडाच्या भुशाच्या पिशवीत कधीही जाऊ देऊ नका. दुसरा धोका फुप्फुसांचा. लाकडाची धूळ माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात मोडते, असं आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच नोंदवलं आहे. साफसफाई करताना एफएफपी२ दर्जाचा मास्क लावा. तोंडाला बांधलेला रुमाल बारीक धूळ अडवत नाही.

गाइड रेल आणि ग्रीस

लिनिअर गाइडच्या ब्लॉकला साधारण दर १०० किलोमीटर प्रवासानंतर ग्रीस लागतं, असं गाइड बनवणाऱ्या कंपन्या सांगतात. आकडा मोठा वाटतो, पण हिशेब करून पाहा. अक्ष सरासरी मिनिटाला १० मीटर वेगाने, आठ तासांपैकी ६० टक्के वेळ हलत असेल तर दिवसाला २.९ किलोमीटर होतात. म्हणजे पस्तीसेक दिवसांत १०० किलोमीटर पूर्ण. हा आकडा स्वच्छ जागेचा आहे. एमडीएफचं काम जास्त असेल तर अंतर निम्मं करा, म्हणजे दर पंधरा ते अठरा कामाच्या दिवसांनी.

ग्रीस लिथियम साबणाचं, एनएलजीआय २ दर्जाचं (हे घट्टपणाचं माप). ग्राफाइट किंवा मॉलिब्डेनम असलेलं काळं ग्रीस गाइडमध्ये घालू नका. ते वेगळ्या कामासाठी असतं. आधीच्या ग्रीसची जात माहीत नसेल तर नवं त्यात मिसळू नका. लिथियम आणि पॉलियुरिया एकत्र आले की मिश्रण पातळ होऊन वाहून जाऊ शकतं. जुनं बाहेर येईपर्यंत नवं ढकला आणि कोणतं घातलं ते वहीत लिहा.

पद्धत अशी. आधी रेल ब्रशने झाडा, मग पातळ तेलाने ओलसर केलेल्या, धागे न सुटणाऱ्या फडक्याने पुसा. ग्रीस निपलचं तोंड पुसा. हे विसरलं तर तोंडावरचा भुसाच गनने आत जातो. अपेक्षित मात्रेच्या निम्मं ग्रीस हळूहळू दाबा, ब्लॉक त्याच्या लांबीच्या तीन-चार पट अंतर मागे-पुढे सरकवा, मग उरलेलं दाबा. वायपरच्या कडेला ताज्या ग्रीसची बारीक रेघ दिसली की थांबा. जोर लावून दाबलं तर वायपर उलटतो, आणि मग तोच भुशाला वाट करून देतो. रेलवर शेवटी पातळ थर पुरे. जाड थर म्हणजे भुसा चिकटवायचा गोंद.

पुसलेल्या फडक्याकडे नीट बघा. मळकट पिवळं किंवा करडं ग्रीस ठीक. लालसर तपकिरी असेल तर आत पाणी गेलंय किंवा कोरडं चाललंय. काळ्या ग्रीसमध्ये चकाकणारे कण दिसले तर गोट्या किंवा रेल झिजतेय, आणि आता कितीही ग्रीस घातलं तरी झीज भरून येणार नाही. ब्लॉक बदलायची तयारी करा. ब्लॉक रेलवरून नुसता ओढून काढला तर काही जातींमध्ये गोट्या खाली पडतात, तेव्हा सोबत येणारी प्लास्टिकची डमी रेल जपून ठेवा.

आपोआप तेल सोडणारा पंप असेल तर टाकी भरलेली आहे एवढ्यावर समाधान मानू नका. वाटणीच्या एका वाल्वमध्ये कचरा अडकला की तीन ब्लॉक ओले आणि चौथा कोरडा. महिन्यातून एकदा प्रत्येक ब्लॉकच्या मागे रेलवर पांढरा टिश्यू दाबून पाहा, तेलाचा डाग आला पाहिजे.

रॅक, पिनियन आणि बॉलस्क्रू

रॅकच्या दातांमधला भुसा दाबला जाऊन दगडासारखा होतो. पिनियन (रॅकवर फिरणारं दातेरी चाक) त्यावर चढतं, गॅन्ट्री उसळते आणि कडेवर ठरावीक अंतराने लाटा उमटतात. या लाटांमधलं अंतर दातांच्या अंतराएवढं आलं तर दुसरीकडे शोधूच नका. कडक नायलॉन ब्रशने प्रत्येक खाच साफ करा, टोकदार बांबूच्या काडीने तळ खरवडा, आणि दातांवर ग्रीसचा अगदी पातळ थर बोटाने फिरवा.

पिनियन आणि रॅकमधली फट आवळताना बहुतेकांची गफलत होते ती जागेची. झीज टेबलाच्या मधल्या भागात जास्त असते, कारण कामं तिथेच होतात. मधे उभं राहून फट आवळली की टोकांना, जिथे दात अजून भरदार आहेत, तिथे पिनियन रुततं आणि मोटर स्टेप गमावते, म्हणजे हुकमाएवढी फिरत नाही. आधी पूर्ण लांबीवर हाताने ढकलून सर्वांत घट्ट जागा शोधा, आणि फट तिथे जुळवा. मधला ढिलेपणा तरीही जास्त वाटत असेल तर रॅकचा तो तुकडा बदला किंवा टोकाच्या तुकड्याशी अदलाबदल करा. पिनियनचे दात टोकदार झाले असतील तर ते आधी बदला. ते रॅकपेक्षा स्वस्त, आणि झिजतंही जास्त.

पिनियनचे आणि झेड अक्षाच्या कपलिंगचे (मोटर आणि शाफ्ट जोडणाऱ्या भागाचे) ग्रब स्क्रू, म्हणजे डोकं नसलेले बारीक स्क्रू, दर महिन्याला ॲलन कीने तपासा. ढिला निघालेला स्क्रू काढा, तेल पुसा, मध्यम ताकदीच्या लॉकिंग द्रवाचा एक थेंब लावून पुन्हा आवळा. झेड कपलिंग घसरलं की प्रत्येक पासला (कापण्याच्या फेरीला) खोली थोडी थोडी बदलते. लोक त्याचं खापर सॉफ्टवेअरवर फोडतात. कपलिंग आणि शाफ्टवर मार्करने एक सरळ रेघ ओढून ठेवा. रेघ तुटलेली दिसली की निदान झालं.

बॅकलॅश असा मोजा. चुंबकी स्टँडवर ०.०१ मिमीचा डायल गेज टेबलावर पक्का बसवा, टोक गॅन्ट्रीला टेकवा. अक्ष एका दिशेने १ मिमी न्या, म्हणजे त्या बाजूचा ढिलेपणा संपेल. डायल शून्यावर आणा. त्याच दिशेने ०.१ मिमी द्या आणि डायलवर तेवढंच दिसतंय याची खात्री करा. आता उलट दिशेने ०.१ मिमीची एक पायरी द्या. डायलवर जेवढं कमी दिसेल तो बॅकलॅश. काहीच हललं नाही तर आणखी पायऱ्या द्या आणि दिलेलं अंतर वजा दिसलेलं अंतर धरा. ही चाचणी टेबलाच्या दोन टोकांना आणि मध्ये अशी तीन ठिकाणी करा. बॉलस्क्रूवर (गोट्यांवर चालणाऱ्या आट्यांच्या दांड्यावर) ०.०५ मिमीच्या आत हवा. रॅकवर ०.१ मिमीपर्यंत लाकूडकामाला चालतं. ०.२ मिमीच्या वर गेला की साल (खाचेत बसणारी लाकडाची जीभ) आणि खाचेचे सांधे ढिले बसायला लागतात.

कंट्रोलरमध्ये बॅकलॅश भरून काढायची सोय असते. ती शेवटचा उपाय समजा. बिट लाकडात असताना कापण्याचा जोर अक्षाला त्याच फटीत मागे-पुढे ढकलत असतो, आणि सॉफ्टवेअरला ते कळत नाही.

स्पिंडल आणि कोलेट

कोलेट, म्हणजे बिटचा दांडा आवळून धरणारी चिरा असलेली पकड, हा मशीनमधला सर्वांत स्वस्त अचूक भाग, आणि सर्वांत उशिरा बदलला जाणारा. कापण्याचा दर्जा तो ठरवतो. हिशेब पाहा: मिनिटाला १८,००० फेरे, दोन धारांचं बिट, सरकवेग मिनिटाला ३,६०० मिमी. प्रत्येक धारेच्या वाट्याला ०.१ मिमी येतं. आता कोलेट मळकं असल्यामुळे धारेपाशी डायलवर ०.०४ मिमी रनआउट दिसतोय असं धरा. सर्वांत वाईट स्थितीत एक धार ०.१४ मिमी कापते आणि दुसरी ०.०६. एक दुपटीहून जास्त राबते, दुसरी नुसती घासते. बिट लवकर जातं, कड जळते, आणि प्रत्येक फेऱ्याला बसणारा असमान धक्का थेट बेअरिंगवर जातो.

बिट बदलताना दर वेळी हा क्रम पाळा:

१. नट उघडा, कोलेट किंचित तिरकं करून नटातून सोडवा. बाहेरून ओढाताण करू नका.

२. कोलेटच्या आतून पितळी तारेचा गोल ब्रश फिरवा, चिरांमधला राळेचा थर काढा. राळ जुनी असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवा. पोलादी ब्रश किंवा पॉलिश पेपर लावू नका.

३. स्पिंडलचा आतला टेपर (निमुळती जागा) आणि नटाची आतली बाजू कोरड्या, धागे न सुटणाऱ्या फडक्याने पुसा. टेपरवर तेल, ग्रीस काहीही नको. तिथे धातूला धातू कोरडा बसला पाहिजे.

४. कोलेट आधी नटात 'टक' आवाज येईपर्यंत दाबून बसवा, मग नट स्पिंडलवर चढवा. कोलेट थेट स्पिंडलमध्ये ठेवून वरून नट लावला तर नटातली सरकती कडा कोलेटच्या खाचेत बसत नाही, कोलेट तिरपं आवळलं जातं आणि सोडवताना आतच अडकतं.

५. बिटचा दांडा कोलेटच्या लांबीचा किमान दोन तृतीयांश भाग भरेल इतका आत घाला. धारेची खाच कोलेटच्या तोंडात येऊ देऊ नका. दांडा तळाला टेकला तर १-२ मिमी मागे ओढा.

६. दोन पान्यांनी आवळा. ईआर हा कोलेटचा प्रकार आणि पुढचा आकडा त्याचं माप: ईआर २० साठी ८० न्यूटन-मीटर आणि ईआर ३२ साठी १३६ न्यूटन-मीटर ही वरची मर्यादा धरा. पान्याला पाइप जोडून आवळलं की नट फाकतो आणि कोलेटचा आकार कायमचा बिघडतो.

दांड्याच्या मापाचंच कोलेट वापरा. ईआर २० चं ७ मिमी कोलेट ६ मिमीपर्यंत आवळलं जातं खरं, पण तेव्हा ते दांड्याला सगळ्या लांबीवर धरत नाही. ६.३५ मिमीचा, म्हणजे पाव इंची दांडा ६ मिमीच्या कोलेटात कोंबणं तर कोलेट फेकून देण्यासारखंच. दांड्यावर तपकिरी वळी किंवा चट्टे दिसले तर बिट आत घसरतंय. कोलेटचं तोंड आतून घंटेसारखं फाकलेलं दिसलं तर ते साफ करून उपयोग नाही. चारशे ते सहाशे तास काम झाल्यावर कोलेट बदला, डोळ्यांना चांगलं दिसत असलं तरी. उष्णतेने त्याची स्प्रिंग मेलेली असते.

रनआउट मोजताना आधी डायलचं टोक स्पिंडलच्या रिकाम्या टेपरला आतून टेकवा आणि स्पिंडल हाताने एक फेरा फिरवा. इथे ०.०१ मिमीच्या आत हवा. मग कोलेटात ग्राउंड पिन (घासून अचूक मापाची केलेली गोल सळी) लावून नटापासून २५ मिमी खाली मोजा, ०.०२ ते ०.०३ मिमी चालेल. टेपर चांगला आणि पिन वाईट असेल तर दोष कोलेट-नटाचा. टेपरच वाईट असेल तर बेअरिंग गेलं आहे किंवा टेपरला मार बसला आहे.

बेअरिंगचं आयुष्य वाढवायचा सोपा उपाय म्हणजे सकाळची गरम करणी. मिनिटाला ६,००० फेऱ्यांवर तीन-चार मिनिटं, मग १२,००० वर तेवढीच, मग १८,००० वर. थंड ग्रीस गोट्यांवर पसरायला वेळ लागतो, आणि थेट २४,००० वर नेलं तर पहिली मिनिटं बेअरिंग जवळजवळ कोरडं फिरतं. सीलबंद बेअरिंगमध्ये वरून तेल सोडू नका. ते आतलं ग्रीस धुऊन काढतं. रिकामा करंट किंवा नाकाचं तापमान वहीतल्या आकड्यापेक्षा सरकायला लागलं, तापमान दहा अंशांनी चढलं, किंवा बंद करताना शेवटच्या फेऱ्यांत घरघर ऐकू आली, तर स्पिंडल दुरुस्तीला काढायची वेळ आली. बेअरिंग पूर्ण बसेपर्यंत थांबलात तर ते शाफ्टही सोबत घेऊन जातं.

पाण्याने थंड होणाऱ्या स्पिंडलमध्ये डिस्टिल्ड वॉटर आणि गंजरोधक द्रव घाला, नळाचं पाणी नको. क्षार आतल्या बारीक वाटांत जमतात. सुरू करताना परतीच्या नळीतून धार येतेय ते डोळ्यांनी पाहा. सहा महिन्यांनी पाणी बदला.

टूल आपोआप बदलणारा स्पिंडल असेल तर त्यात होल्डर (बिट धरणारा शंकू) नसताना तो फिरवू नका. ड्रॉबारच्या (होल्डर आत ओढून धरणाऱ्या दांड्याच्या) वाटी स्प्रिंगांची रचना होल्डर धरलेला असतानाच संतुलित असते. हवेचा दाब ६ बारच्या खाली गेला की होल्डर अर्धवट सुटतो. एफआरएलच्या (हवा गाळणाऱ्या आणि दाब ठरवणाऱ्या जोडणीच्या) वाटीतलं पाणी रोज काढा, होल्डरचे शंकू रोज कोरड्या फडक्याने पुसा, आणि पुल स्टड (होल्डरच्या टोकाचे, ड्रॉबार धरतो ते खुंटे) ढिले नाहीत ना ते आठवड्याला तपासा.

गुण्या आणि ओळंबा

दोन मोटरवर चालणारी गॅन्ट्री एखाद्या धडकेनंतर किंवा एका बाजूचा सेन्सर सरकल्यावर गुण्यातून जाते, म्हणजे काटकोनात राहत नाही. लहान तुकड्यात ते कळत नाही, मोठ्या कपाटाच्या पाटीत लगेच कळतं.

टेबलावर एमडीएफ पक्का लावा. ६ मिमी बिटने चार भोकं पाडा: (०, ०), (९००, ०), (९००, १२००) आणि (०, १२००). एक्स म्हणजे गॅन्ट्रीच्या आडव्या दिशेचं अंतर धरलं आहे. भोकांत ६ मिमीच्या घट्ट पिना घाला आणि दोन्ही कर्ण पिनांच्या बाहेरून बाहेर मोजून ६ मिमी वजा करा. टेपचा हुक न वापरता १०० मिमीच्या खुणेपासून मोजा. दोन्ही कर्ण १५०० मिमी यायला हवेत.

फरक आला तर तो ०.६२५ ने गुणा. म्हणजे कर्णांत १ मिमी फरक असेल तर गॅन्ट्री ९०० मिमी लांबीत सुमारे ०.६ मिमी तिरकी आहे. दोन्ही बाजूंच्या मोटरमधलं अंतर १५०० मिमी असेल तर एका बाजूची होम जागा जवळजवळ १ मिमी सरकवावी लागेल. (०, ०) पासून (९००, १२००) पर्यंतचा कर्ण लांब असेल तर एक्स वाढतो त्या बाजूची गॅन्ट्री पुढे गेली आहे, ती बाजू मागे आणा. सरकवा, पुन्हा होम करा, नवीन भोकं पाडा, पुन्हा मोजा. दर वेळी होम केल्यावर फरक बदलत असेल तर आकड्यांच्या मागे लागू नका. सेन्सरची पट्टी किंवा एका बाजूचं पिनियन ढिलं आहे.

१०० मिमीचं वर्तुळ कापूनही पुष्कळ कळतं. आडवा आणि उभा व्यास सारखा, पण दोन तिरप्या व्यासांत फरक: गुण्या गेला. चार ठिकाणी, जिथे अक्ष दिशा बदलतो, बारीक उंचवटा किंवा सपाटी: बॅकलॅश. आडवा आणि उभा व्यासच वेगळा: मिलिमीटरमागच्या स्टेपचा आकडा चुकला आहे किंवा बेल्ट ताणला गेला आहे. काम मध्यापर्यंत अचूक आणि तिथून पुढे सगळं एकाच बाजूला सरकलेलं: मोटरने स्टेप गमावली. मग बोथट बिट, कोरडी रेल किंवा फार चढवलेलं ॲक्सलरेशन यांत कारण शोधा.

स्पिंडल टेबलाला लंब आहे का हे पाहायला कोलेटात एल आकाराची सळी धरा, तिच्या टोकाला डायल लावा आणि स्पिंडल हाताने फिरवून १५० मिमी त्रिज्येचं वर्तुळ फिरवा. टेबलाऐवजी सपाट काचेचा जाड तुकडा खाली ठेवा, म्हणजे स्पॉइलबोर्डचे (टेबलावर अंथरलेल्या, कापला गेला तरी चालणाऱ्या बोर्डाचे) खड्डे आकडा बिघडवत नाहीत. समोरासमोरच्या दोन टोकांत ०.१ मिमी फरक म्हणजे ३०० मिमीत ०.१ मिमी कल. ६० मिमीच्या सपाटीकरण बिटला तो ०.०२ मिमीची पायरी देतो, नखाला जेमतेम जाणवणारी. त्याहून जास्त असेल तर स्पिंडलच्या पट्टीखाली पातळ शिम (पत्र्याची बारीक पट्टी) घालून जुळवा.

स्पॉइलबोर्ड आणि व्हॅक्यूम

स्पॉइलबोर्ड गुण्या-ओळंबा जुळवल्यानंतरच सपाट करा, आधी नाही. एका वेळी ०.३ ते ०.५ मिमी पुरे, पास निम्म्या बिटएवढा सरकवत. व्हॅक्यूम टेबल असेल तर नव्या एमडीएफच्या दोन्ही बाजू अर्धा मिमी तासून घ्या. वरची दाबलेली कातडी हवा जाऊ देत नाही, ती काढल्यावरच बोर्डातून ओढ लागते. कडा रंगाने किंवा एजबँडने बंद करा. १८ मिमीचा बोर्ड १० मिमीवर आला की बदला. ओढ कमी वाटली तर आधी पंपाची नळी बंद करून मीटर पाहा: आकडा नेहमीसारखा असेल तर गळती टेबलावर आहे, कमी असेल तर पंपाची जाळी बुजली आहे किंवा कार्बनच्या पट्ट्या झिजल्या आहेत. पट्टीची किमान रुंदी पंपाच्या पुस्तिकेत दिलेली असते. त्याखाली चालवली तर ती तुटून पंपाचं घर ओरबाडते.

वीज आणि सेटिंग

अधूनमधून येणारा, कुणालाच न सापडणारा दोष बहुतेक वेळा ड्रॅग चेनमधल्या केबलचा असतो. बाहेरचं आवरण शाबूत आणि आतली तार वळणाच्या जागी तुटलेली. मशीन थांबवून, संशयित तारेला मल्टिमीटर लावून, गॅन्ट्री हाताने हळू सरकवा. एका विशिष्ट जागी वाचन नाचलं की सापडलं. बदलताना चेनसाठी बनवलेली लवचीक केबलच घ्या, साधी केबल तिथे टिकत नाही.

सहा महिन्यांनी पॅनलमधले सगळे टर्मिनल स्क्रू आवळा. कंपनाने ते सैल होतात आणि सैल टर्मिनल तापून काळं पडतं. इमर्जन्सी बटण आणि लिमिट स्विच आठवड्यातून एकदा मुद्दाम वापरून पाहा.

कंट्रोलरची सगळी सेटिंग पेन ड्राइव्हवर घ्या आणि व्हीएफडीचे पॅरामीटर कागदावर लिहून पॅनलच्या दाराच्या आत चिकटवा. त्यातला एक आकडा जिवावर बेतणारा आहे. दोन पोलच्या २४,००० फेऱ्यांच्या स्पिंडलला ४०० हर्ट्झ लागतात. व्हीएफडी फॅक्टरी सेटिंगवर गेला की मूळ वारंवारता बहुतेक वेळा ५० हर्ट्झवर येते, म्हणजे ५० हर्ट्झलाच तो पूर्ण व्होल्टेज देतो आणि स्पिंडलचं वाइंडिंग काही मिनिटांत जळतं. रिसेट केल्यावर मूळ आणि कमाल वारंवारता दोन्ही ४०० असल्याची खात्री होईपर्यंत स्टार्ट दाबू नका. कमी वेगावरच स्पिंडल तापायला लागला तर हेच आधी तपासा. थांबवताना ओव्हरव्होल्टेज दाखवून ट्रिप होत असेल तर थांबण्याचा वेळ काही सेकंदांनी वाढवा.

कपाटात एवढं सुटं सामान असू द्या: नेहमीच्या मापाची दोन-दोन कोलेट, एक नट, एक पिनियन, झेडचं कपलिंग, दोन होम सेन्सर, एक गाइड ब्लॉक, चेनमधली केबल एका लांबीची, डस्ट शूची केसांची पट्टी आणि पॅनलच्या पंख्याची जाळी. स्पिंडलची बेअरिंग मात्र आणून ठेवू नका. ती बसवायला नेमका पूर्वताण आणि स्वच्छ खोली लागते; ते काम स्पिंडल दुरुस्त करणाऱ्याकडेच द्या, आणि परत आल्यावर पाचही आकडे पुन्हा घेऊन वहीत नव्या पानावर लिहा.